झिंगा नहीं

दुबईत, देऱ्याच्या शेअरिंग फ्लॅटमध्ये शेजारच्या खोलीत एक व्हिएतनामी बाई राहायची. शुक्रवारी सुट्टीला ती साबुदाण्याच्या पिठाच्या, आत झिंगे भरलेल्या इवल्या करंज्या पाण्यात उकळायची. काचेसारख्या झाल्या का, हे बघायला सारखं झाकण उचलायची. बसणं तिला माहीतच नव्हतं. बघूनच माझा जीव वैतागायचा. “खलास! ढक्कन रखो!” मी ओरडायचे.

एका संकष्टीला तिने माझ्यापुढे बशी धरली.

“आज उपवास है.”

तिने एक करंजी उजेडात धरली. “देखो. झिंगा नहीं.”

आत दाण्याचं कूट दिसत होतं. माझी साबुदाण्याची खिचडी तिने कधी निरखली होती कोण जाणे!

उकळल्या होत्या मात्र झिंग्यांच्याच पाण्यात, माझ्या डोळ्यांदेखत. मी करंजी तोंडात टाकली.

तेव्हा कुठे ती खाली बसली.