परागकणांचा तापटपणा काढणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. फोन ठेवून एक मोठा श्वास घेतला. तो विनासायास आत गेला... आणि तेवढ्यानेच डोळे भरले.

कोथरूडला आमची सोसायटी नवी होती. आजूबाजूच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत माजायचं आणि ते फुललं की मला धाप लागायची. सॉफ्टवेअर कंपनीतली माझी नोकरी गवत फुलायच्या दोन महिन्यांत दरवर्षी टांगणीला लागायची. एका दवाखान्यात त्याच गवताच्या परागकणांच्या अर्काची इंजेक्शनं सुरू केली. थोडं थोडं टोचून शरीराला सवय लावायची, असा तो उपचार. चौथ्या इंजेक्शननंतर घसा सुजला, डोळ्यांपुढे अंधार आला. डॉक्टरांनी धावपळ करून वाचवलं, पण उपचार तिथेच थांबला.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निर्मलाताई रसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत याच अर्कावर काम चाललं होतं. जिन्यात उभं राहूनच त्यांनी मला समजावलं, "अर्कावर रसायनाची प्रक्रिया करून त्याचा तापटपणा काढायचा. शरीराने त्याला ओळखावं, पण अंगावर धावून जाऊ नये." त्यात काही वर्षं गेली. एकदा औषध जमलं असं वाटलं, मी रजाही टाकली... आणि ताईंनी तो सगळा साठा रद्द केला. तपासणीत तो अजून जहाल निघाला होता. मी चिडून विचारलं, "आणखी किती थांबायचं?"

"तू पुन्हा कोसळणार नाहीस, अशी माझी खात्री होईपर्यंत. तोवर शिंक."

अखेर रुग्णालयातल्या चाचणीत मला नव्या औषधाचा पहिला डोस मिळाला, तेव्हा त्या शेजारी बसून होत्या.

"घाबरलीस?"

"नाही."

"बरं. मी घाबरलेय," त्या म्हणाल्या. माझा हात त्यांनी धरून ठेवला होता. काही झालं नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, गवत ऐन फुलात असताना, मी खिडकी उघडी ठेवून झोपले. सकाळी धावत वर जाऊन ताईंना सांगितलं. "डास येतील," एवढंच म्हणून त्या आत वळल्या, पण चहा टाकताना त्यांनी दोनदा साखर घातली.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला तेच इंजेक्शन द्यायला दवाखान्यात नेलं. औषध तिथे सुरू झालं तेव्हा ताईंनी स्वतः लावलेली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी भिंतीवर अजून आहे : 'इंजेक्शननंतर अर्धा तास बसावे. घाई असल्यास उद्या यावे.'

"कुणी लिहिलंय गं हे?" मुलीने हसत विचारलं.

मी सांगू लागले. अर्धा तास केव्हाच होऊन गेला, नर्सने निघायला सांगितलं, तरी आम्ही दोघी बसूनच होतो.