आप्पांच्या आंघोळीचं पाणी

दोहाच्या अल मुंतझा भागातल्या जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायचं, तर उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला हात लावायचा नाही, हे लताच्या अंगवळणी पडलेलं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते आणि निळ्या खुणेच्या नळाला चटके बसणारं पाणी येतं. म्हणून मे लागला की ती गीझरचं बटण बंद करायची. एसीच्या गारव्यात गीझरमधलं पाणी निवतं, मग लाल खुणेचा नळ सोडायचा. इथं घरोघरी हाच उलटा कारभार.

पण तिचे सासरे, आप्पा, सिन्नरहून पहिल्यांदाच आलेले. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या पावलांना चटका कळत नाही. लताने समजावूनही सवयीचा हात निळ्या नळाकडेच गेला. ते पूजेला बसले तेव्हा पायावरचा फोड लताला दिसला. त्यांना पत्ताच नव्हता.

तिचा नवरा संपत म्हणाला, उद्यापासून मी आंघोळ घालतो. आप्पा गंध उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मला दुसऱ्यानं आंघोळ घालायची असेल, तर माझं तिकीट काढ. गावी जातो."

सासूबाई वारलेल्या, गावच्या घराला कुलूप. लताने मनाशी पक्कं केलं. आप्पा जाणार नाहीत, आणि आंघोळही त्यांची तेच करतील.

वॉचमन म्हणाला, सगळ्या दोहात असंच आहे, ऑक्टोबरात गार होईल इन्शाल्ला. कॅनडातल्या बहिणीने फोनवर सांगितलं, तिकडं थंडीत पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर फोम चढवतात. गोठू नये म्हणून चालतं, तर तापू नये म्हणूनही चालेल, असं म्हणून लता हार्डवेअरच्या दुकानात गेली. उजाडताच गच्चीवर चढून तिने उघड्या पाइपाला फोम चढवला, सांध्यांवर पट्टी गुंडाळली. ओढणी घामाने मानेला चिकटली. पाणी जरा निवलं, पण टाकीच उन्हात. एवढ्याने भागणार नव्हतं.

मग तिने आदल्या दिवशीच बादली भरून ठेवली. आप्पांनी ती ओतून दिली. शिळ्या पाण्याने आंघोळ करून देवाला शिवायचं नाही, म्हणाले.

तेव्हा लताने पाना घेतला आणि निळ्या नळाचा खालचा कॉकच बंद करून टाकला. आप्पांच्या आधी गीझरच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, असंही घरात बजावलं. कारण जेवढं काढावं तेवढं टाकीतलं तापलेलं पाणी त्यात उतरतं.

सकाळी आप्पांनी निळा नळ फिरवून बघितला आणि वैतागले. "गीझरमधलं तरी कुठं ताजं आहे? तेही रात्रभर साठलेलंच की."

लताला खोटं बोलवेना. "साठलेलंच आहे, आप्पा. पण आपल्या विहिरीतलं तरी रोज नवं असतं का? शेंदलं की ताजं. तसं हे नळातून शेंदा."

आप्पांनी विचारलं, "देवाला काय सांगू?"

"मी सांगितलंय त्याला. आणि आधी कोपर बुडवून बघा, तान्ह्या बाळाच्या पाण्याला बघतात तसं. पायाचं ऐकू नका."

"आता बाळ केलंस मला," असं कुरकुरत ते आत गेले. आतून कडी लागली. लता दाराशीच थांबली. बादली भरली. मग नुसतीच शांतता. मग तांब्या खणकला, पाणी अंगावर पडलं आणि त्यांचा स्नानाचा श्लोक सुरू झाला.

बाहेर आले ते थेट देवघराकडे. जाता जाता म्हणाले, "संपतला सांग, कुंडी आणि जास्वंदीचं रोप आण म्हणावं. देवाला रोज फूल पाहिजे."

लताने लगेच फोन लावला.