मांडीवरचे देव

देव पाठीशी उभा राहिला असं लोक सांगतात तेव्हा मला वाटायचं, राहिला असेल त्यांच्या. माझ्या पाठीशी तो कधी दिसला नव्हता. मी चौथी शिकलेली बाई. रोज सकाळी देवांना आंघोळ घालायची, हळद-कुंकू लावायचं, दूधसाखर दाखवायची. भाकरी थापावी तसं तेही एक काम. सासूनं जाताना देव्हाऱ्याकडं बोट केलं आणि म्हणाली, "हेंच्याकडं बघ." तेव्हापासून मी बघत आले. चांदीच्या पत्र्यावर उठवलेले तीन टाक आहेत आमचे: घोड्यावरचा खंडोबा, भवानी आणि घराण्यातला कोणी एक वीर. नवरा फौजेतून परत आला आणि काही वर्षांनी गेला. मुलगा विट्याच्या लोकांबरोबर सोनं गाळायच्या दुकानात लांब मुलखात गेला तो तिकडचाच झाला. घरात मी आणि हे तीन देव उरलो.

आमच्यात घरचे देव अधूनमधून कुलदैवताच्या भेटीला न्यावे लागतात. आमचं गाव तासगावकडचं, कुलदैवत सातारा जिल्ह्यातल्या पालीचा खंडोबा. एका रविवारी मी टाक लाल फडक्यात बांधले, कापडी पिशवीत ठेवले आणि एकटीच निघाले. कराडला गाडी बदलायची होती. पालीच्या फाट्यावरून जाणारी साताऱ्याची एसटी लागली आणि माणसं दारावर तुटून पडली. माझे गुडघे कामातून गेलेले. मग जन्मभर जे करत आले तेच केलं. खिडकीतून पिशवी आत टाकली आणि जागा धरली. पिशवीत काय आहे हे डोक्यात होतं, पण हाताला सवय पडलेली. दाराशी पोचेपर्यंत घंटी वाजली. गाडी माझे देव घेऊन गेली आणि मी खाली राहिले.

मागच्या गाडीनं साताऱ्याला गेले. ती एसटी तिथून पुढं लोणंदला गेली म्हणून कळलं, तर लोणंदलाही गेले. कंडक्टर भला माणूस होता, त्यानं वाकून प्रत्येक सीटखाली पाहिलं. पिशवी नव्हती. घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. रिकाम्या देव्हाऱ्यापुढं दिवा लावला, कारण हात थांबेना. आणि रागानं म्हणाले, "एवढी वर्षं मी तुला बघितलं. आता माझ्यानं व्हत न्हाई. तुझं तू बघ." दुसरा दिवस अंथरुणातच गेला. मुलाला कळवलं नाही. काय सांगणार होते? घराण्याचे देव माझ्या हातून गेले, आणि माझ्यामागं कोणाच्या देव्हाऱ्यात काही जायचं उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी कराडला सोनाराकडं निघाले. नवे टाक घडवायला सांगायचे असं मनाशी ठरवलं होतं, म्हणजे जुन्यांची आशा सोडली होती. कराडच्या स्टँडवर उतरले तर समोर साताऱ्याची गाडी भरलेली. खिडकीतून एक अनोळखी बाई म्हणाली, "आजी, चढा. नणंदंसाठी जागा धरलीती, ती काय येत न्हाई. रिकामी घिऊन जाऊ व्हय?" मी चढले. का चढले ते विचाराल तर मला सांगता येणार नाही. साताऱ्यात माझं काही काम नव्हतं.

साताऱ्याच्या स्टँडवर चहावाल्याला पिशवीचं विचारलं. तो म्हणाला, "मागं भिंतीकडं पोरं ऱ्हात्यात. गाड्या रिकाम्या झाल्या की बाटल्या गोळा करत्यात, त्यास्नी इचारा. पन चांदी व्हती म्हंता? मग आता कशाला ऱ्हातीया?" मलाही तसंच वाटलं. काठी घट्ट धरून मागं गेले.

भिंतीच्या कडेला उन्हात दोन पोरं झोपली होती. त्यांच्याशेजारी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी मांडी घालून बसली होती, आणि तिच्या मांडीत माझी पिशवी होती. मी हात पुढं केला तशी तिनं पिशवी पोटाशी धरली.

"काय हाय हेच्यात?"

"देव."

"कुठलं?"

"खंडोबा, भवानी आणि वीर."

"खंडोबाच्या घोड्याचा कान तुटलाय, कुठला?"

"तुटला नाही, झिजलाय. डावा. माझ्याच हातानं."

मग तिनं दोन्ही हातांनी पिशवी मला दिली. झोपलेल्यांना पायानं ढोसलं. "उठा रं. देवाची आजी आली." तिचं नाव राणी. पोरांची नावं बंड्या आणि शिवा. त्यांतलं कोणी कोणाचं भाऊ-बहीण नाही. घर का सोडलं ते मी विचारलं नाही. विचारून मी काय देणार होते?

राणी सांगू लागली. रविवारी गाडीत पिशवी सापडली. उघडून पाहिलं तर देव. "नेऊन दिली आस्ती तर म्हनलं आस्तं, चोरली. म्हनून हितंच बसलो. जेची हाय ती येनार की." रस्त्यावर माणसं थुंकतात, कुत्री फिरतात, तिथं देव खाली कसा ठेवायचा? आणि यांच्याकडं भिंत आहे ती दुसऱ्याची, फळी नाही की खुंटी नाही. म्हणून त्यांनी पाळी लावली. एकानं देव मांडीवर घेऊन बसायचं, दोघांनी बाटल्या वेचायच्या. रात्रीही तसंच. रविवारपासून माझे देव जमिनीला टेकले नव्हते.

"लय जड हाय तुमचा देव," बंड्या म्हणाला. "माज्या पायाला मुंग्या आल्या. ह्यो शिवा तर बसल्या बसल्या घोरत व्हता."

"घोरत व्हतो, पन पाडला का?" शिवा म्हणाला.

"उपाशी तर ठेवला नाहीत?" मी विचारलं.

"न्हाई वो. आधी देवाला दावायचो, मग आमी. वडापाव चालतो का ठावं नव्हतं. कायच बोलला न्हाई, म्हनून चालत आसंल म्हनलं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. ज्या रात्री मी रिकाम्या देव्हाऱ्यापुढं 'तुझं तू बघ' म्हणत होते, तेव्हा त्यानं त्याचं बघितलेलं होतं. स्टँडवर एवढी माणसं, मोठमोठ्या पिशव्यांची, घरदारांची. त्यानं मांड्या निवडल्या त्या या पोरांच्या. दुसऱ्याच्या वस्तूसाठी मी कधी अशी रात्र बसून काढलेली नाही. मी हे कोणाला पटवून द्यायला लिहीत नाही. पाहिलं ते लिहिते.

पिशवी कशी गेली ते पोरांना सांगितलं. पालीला जायला निघाले तशी राणी म्हणाली, "एकट्या जाऊ नगा. परत खिडकीतनं टाकशीला." तिघं माझ्याबरोबर आली. नदीवर टाकांना आंघोळ घातली. देवळात गेल्यावर पुजारी म्हणाले, "घरच्या माणसांनी देव हातात धरा." माझ्या एका हातात काठी होती. घरचा म्हणावा तो मुलगा लांब मुलखात. राणी दोन पावलं मागं सरली. मी म्हणाले, "कुठं निघालीस? दोन रात्री धरलास, आता लाजतीस?" ओढणीचं टोक हातावर पसरून तिनं देव धरला. खाली पोरांचे हात, वर तिचे, बाजूला माझा एक. पुजाऱ्यांनी देवाला देव भेटवला आणि सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावला. कोण कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

परतताना मी राणीला म्हणाले, "घर रिकामं आहे. चल."

"आन् ह्यी दोगं?"

"त्यांनाही घेऊन चल."

ती हसली. "यिऊ की, कवा तरी. भेटीला." तिघं साताऱ्याच्या गाडीत चढली. मी आग्रह केला नाही. यायची तेव्हा येतील. दाराला कडी घालायची मी सोडून दिली आहे.

देव परत देव्हाऱ्यात आहेत. पण आंघोळीनंतर मी त्यांना लगेच वर ठेवत नाही. पदर पसरून थोडा वेळ मांडीवर घेऊन बसते. म्हणायला मला मंत्र येत नाही, मागायचंही काही सुचत नाही. पायाला मुंग्या येईपर्यंत बसते, मग उठते.