खाचरासारखं सपाट मैदान

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, पेण तालुक्यातल्या गडबजवळच्या आमच्या गावात अकरा लाख चाळीस हजार रुपयांचा खर्च मंजूर झाला. हजर होते मैदान समितीचे आम्ही सात जण आणि पेणचा ठेकेदार. माझी मुलगी दाराशी उभी होती.

तिला मुंबईच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबाने निवडलं होतं. पुढच्या श्रावणात अठरा पूर्ण झाली की करार. त्यांचे सामने कृत्रिम गवतावर होत, आणि त्यावरून तिथे वाद चालू होता. खेळाडू म्हणत, या गवतात बूट अडकतो, गुडघे जातात. क्लबवाले म्हणत, पावसात दुसरा इलाज नाही.

"बाबा, आपली मातीच बरी हाय," मुलगी म्हणाली.

मी रोह्याच्या एका कंपनीत हिशेब बघतो. आपलं मैदान वर्षातले पाच महिने चिखलात असतं, हे मी मांडून दाखवलं. सामने ज्या गवतावर, सरावही त्यावरच हवा, असं मीच म्हणालो. चार विरुद्ध तीन मतांनी कृत्रिम गवत ठरलं. चौथं मत माझं.

पैसे वाचावेत म्हणून भराव आणि सपाटी गावाने श्रमदानाने करायची होती. ठेकेदार म्हणाला, "मधे उंच ठेवा, कडेला उतार द्या."

माझे चुलते हसले. "पाच पिढ्या भात लावतोय आम्ही. जमीन कशी करायची ते तू शिकवणार?"

"काका, पाणी उभं राहायला नको," ठेकेदार म्हणाला.

"मग भात कसा पिकंल?"

सगळे हसले. मीही हसलो.

हात सवयीनेच चालले. भाताच्या खाचरात करतो तसं पाणी सोडून, कुठे उंच कुठे खोल ते बघत आम्ही बोटभरही फरक ठेवला नाही. चारही बाजूंना बांध घातला. ठेकेदाराने पुन्हा सांगितलं, मग पातळी गावाची जबाबदारी असं लिहून घेतलं आणि गवत अंथरलं. सही माझी आहे.

आषाढात घोटाभर पाणी साचलं. गवतात भरलेले रबराचे काळे दाणे तरंगून एका कोपऱ्यात जमले. बांध फोडून पाणी काढलं, पण बाकी जागी नुसते धागे उघडे पडले होते. मुलीने पायाने चाचपून पाहिलं.

"आज नको, बाबा."

"कराराला पंधरा दिवस राहिलेत. हलकंच खेळ."

ती वळली, बूट वळला नाही. गुडघ्यातला आवाज मला बांधावर ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल. खेळाचं विचारू नका. क्लबाने करार केला नाही. मुलगी माझ्याशी नीट बोलते, जेवायला वाढते. त्या दिवसाबद्दल एक शब्द काढत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशनचे एक लाख पंच्याऐंशी हजार मी पनवेलच्या हॉस्पिटलात भरले. ठेकेदाराचे राहिलेले साठ हजार समितीने त्याला पूर्ण दिले. त्याचं काही कापण्यासारखं नव्हतं.