मॉडेमची किल्ली

सुप्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी, चार कॉम्प्युटर आणि एक मॉडेम. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सकाळी नगरहून कंपनीच्या बसने यायचं, दिवसभर सगळ्यांवर डाफरायचं आणि संध्याकाळी त्याच बसने परतायचं. मला ती नोकरी फार आवडायची, आणि खरं सांगायचं तर डाफरणंही.

खंडेनवमीला मशीनांची पूजा व्हायची. त्या दिवशी कुठल्याही मशीनला कामासाठी हात लावायचा नाही, हा तिथला कायदा. कॉम्प्युटर मात्र चालू ठेवायचे, कारण काळ्या पडद्यापुढे हात जोडणं कामगारांना पटत नसे. पूजेचं ताट माझ्या हाती. मी चर्चला जाणारी, पण खातं माझं तर हळदकुंकूही मीच वाहायचं, यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या वर्षी प्लॅनिंगच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला मी झेंडूचं फूल वाहिलं आणि पडद्यावरचा बाण हलला. मग एक फाइल उघडली आणि तिच्यात भराभर आकडे पडू लागले.

"मॅडम, ह्ये आपोआप चाललंय! कुनीच हात लावला न्हाई!" पारनेरचा फिटर ओरडला. मागच्या दोघांनी पुन्हा हात जोडले.

माझं डोकंच फिरलं. रोजचा अहवाल फोनवरून पुण्याच्या ऑफिसला पाठवायचा म्हणून त्या कॉम्प्युटरला मॉडेम जोडलेला होता. त्याच लाइनवरून कुणीतरी आत शिरलं होतं आणि दुरून आमचा कॉम्प्युटर चालवत होतं. असली सॉफ्टवेअरं तेव्हा फ्लॉपीवरून हातोहात फिरायची. मी हळदीच्या हातानेच फोनची पिन उपटली.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि प्लॅनिंगचा ऑफिसर स्वतःच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो खंडेनवमीला रजेवर होता.

"मॅडम, तो मीच होतो. नगरहून, घरच्या कॉम्प्युटरवरून. सॉफ्टवेअरही मीच टाकलं होतं."

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "पासवर्ड तरी ठेवला होता का?"

"नाही. विसरलो असतो तर?"

"अहो, मग जो नंबर फिरवेल तो आत! सगळी ड्रॉइंगं आहेत त्याच्यात!"

तो हळूच म्हणाला, "बायकोला सहावा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलंय, आणि घरी दुसरं कुणी नाही." शिल्लक रजा संपत आली होती आणि काम तुंबलं तर पुढची मिळणार नव्हती, म्हणून रजेच्या दिवशीही तो घरून काम उरकत होता. खंडेनवमीला मशीनला कुणी हात लावणार नाही, म्हणजे आपल्या मध्येही कुणी येणार नाही, असा त्याचा हिशोब.

बाहेरचं सॉफ्टवेअर टाकणाऱ्याला नारळ द्यायचा, असा पुण्याचा सक्त हुकूम होता. मॅनेजरसाहेबांना तर सॉफ्टवेअरपेक्षा पूजेच्या दिवशी काम केल्याचाच राग जास्त. "तुम्ही जबाबदारी घेत असाल तर बोला," ते मला म्हणाले.

"घेते," मी म्हणाले. रागाच्या भरात माझ्या तोंडून शहाणपणाचं काही निघण्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

आमचे फिटर मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायचे. मी तेच केलं. सॉफ्टवेअरला पासवर्ड घातला, मॉडेम लाकडी पेटीत कुलूपबंद केला आणि किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली. दुपारी त्याने घरून फोन करायचा, मी पिन जोडायची आणि काम संपेपर्यंत समोर बसून राहायचं. साहेबांनी पुण्याला तसं कळवून बाळ होईपर्यंतची परवानगी मिळवली.

पहिल्या दुपारी मी पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले. बाण फिरत होता, तक्ता भरत होता. मध्येच सगळं थांबलं. लाइन तुटली असं समजून मी पिनेकडे हात नेला, तेवढ्यात एका रिकाम्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं, "मॅडम, तिला पाणी देऊन येतो. पिन काढू नका."

चहाची घंटा झाली आणि सगळे उठले. मी त्याच्या ओळीखाली टाइप केलं, "सावकाश या. मी इथंच बसलेय."