पुलावरचा राक्षस आणि माझे साडू

मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत शोधलं तरी माझ्या साडूंइतक्या आनंदाने हरणारा माणूस सापडणार नाही. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई गेल्या, मुलगा परदेशी गेला, आणि मुलुंडच्या दोन खोल्यांत साडू आणि मुलाने मागे ठेवलेला व्हिडिओ गेम एवढेच उरले. त्या गेममध्ये एक पूल होता आणि पुलावर कुऱ्हाडवाला राक्षस. दोन वर्षं साडू दर रविवारी दुपारी त्याच्या हातून मरत होते, आणि त्यांचा फोन आला की मी घाटकोपरहून जाऊन ते मरण शेजारी बसून बघत होतो.

मरायचीही त्यांची एक पद्धत होती. जेवण झालं की इस्त्रीचा शर्ट चढवायचे. "एवढा दांडगा गडी समोर उभा, त्याच्यापुढे बनियनवर जायचं?" कुऱ्हाड बसली की मांडीवर थाप मारून "वा! काय हाणलाय!" अशी दाद द्यायचे, आणि ती राक्षसाला. सगळी नोकरी डेअरीत दूध तपासण्यात गेलेली; मरणही तसंच चव घेऊन तपासायचे. "मागच्या रविवारी डावीकडून गेलो, पटकन मेलो. आज उजवीकडून. हे मरण जरा निवांत आहे." एकदा आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाई घाबरून धावत वर आल्या, तर यांनी त्यांच्यापुढेही खुर्ची सरकवली. "बसा ना, आता परत मरतोच आहे."

मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, हरण्यात कसली मजा येते तुम्हाला?"

"साडूभाऊ, दर वेळी जरा उशिरा मरतोय, दिसत नाही का? आणि जिंकलो तर उठावं लागेल ना."

तेव्हा मी हसलो. पुढचं मात्र मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मला त्या रविवारांचा कंटाळा आला होता. राक्षस एकदाचा मेला की आपण सुटलो, असं मनात घेतलं. साडू चहा टाकायला आत गेले तेवढ्यात मी सेटिंगमध्ये जाऊन 'कठीण'चं 'सोपं' करून ठेवलं. साडू आले, कप ठेवला, पुलावर गेले. तीन घावांत राक्षस आडवा. मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच. साडू कंट्रोलर मांडीवर धरून पडद्याकडे बघत राहिले. "आजारी होता की काय बिचारा," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी सुटलो. रविवारी दुपारी पंख्याखाली आडवा पडायचो. बायको तिच्या भजनी मंडळात, मुलगी कानात इअरफोन घालून बसलेली. चार वाजता चहा कुणी करायचा एवढाच घरात संवाद. असे सहा महिने गेले.

परवा न कळवताच मुलुंडला गेलो. गेमवर टॉवेल टाकून ठेवला होता. चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं: सेटिंग, कंटाळा, टाळ्यासुद्धा. आता चिडतील म्हणून मान खाली घातली.

साडूंनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. मग, शेजारच्याने सहज चौकशी करावी तसे म्हणाले, "घाई होती तर बोलायचं ना. कुठे जायचं होतं तुम्हाला?"

मी खरंच आठवून पाहिलं. कुठेच जायचं नव्हतं.