जुन्या आंबेगावचा गाळ आणि माझे मड टायर

ही सहल खरं तर गेल्या वर्षीच पुरी व्हायची होती आणि गाडीत माझ्या शेजारी भुआ असायची होती. भुआ म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण; आमच्या मारवाडी घरांत आत्याला भुआ म्हणतात. ती कार्तिकात गेली. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी एकटाच निघालो, माझी जुनी फोर-बाय-फोर जीप घेऊन आणि तिला चार नवे मड टायर घालून. ते टायर मी भुआसाठीच घेतले होते, त्यामुळे हे लिखाण टायरबद्दल आहे तितकंच तिच्याबद्दलही आहे. ज्यांना फक्त टायरची माहिती हवी आहे त्यांनी जरा धीर धरावा, तीही येईल.

पुण्याहून सकाळी सहाला निघालं की चाकणची गर्दी चुकते. बायपास झाल्यापासून नाशिक रस्ता बराच सुटसुटीत झालाय, मंचर ओलांडून नारायणगावला नऊच्या आत आरामात पोचता येतं. पण मड टायरवर हा रस्ता म्हणजे शिक्षा आहे. साठच्या वर काटा गेला की गाडीखाली पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज येतो आणि तो थेट दातांत उतरतो. मी गाणी लावून पाहिली, पाच मिनिटांत बंद केली. नारायणगावला मासवडीची थाळी खाल्ली, दोनशेच्या आत पोट तुडुंब भरलं. रश्शाला झणका असा की डोळ्यांतून पाणी काढायला दुसरं निमित्त लागू नये.

आता टायर. ढोबळमानाने तीन जाती. हायवे टायर डांबरासाठी. गुळगुळीत, गुपचूप चालणारे. ऑल-टेरेन म्हणजे डांबरही आणि कच्चा रस्ताही, दोन्हीकडे बरे. मड-टेरेनचे रबरी ठोकळे मोठे असतात आणि त्यांच्यामध्ये खोल चर असतात. चाक फिरलं की चरांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि ठोकळा पुन्हा जमीन धरतो. त्याच्या बदल्यात आवाज सोसायचा, डिझेल जास्त जाळायचं, आणि ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त जागा लागते हे विसरायचं नाही. ज्याची गाडी वर्षाचे अकरा महिने डांबरावरच असते त्याने ऑल-टेरेन घ्यावेत, हे मला भेटलेल्या प्रत्येक शहाण्या माणसाने सांगितलं. मी मड घेतले, एकेक चौदा हजारांच्या आसपास. कारण मला डांबरावर जायचंच नव्हतं. मला जायचं होतं धरणाच्या पोटात.

भुआचं नाव सुंदर, जन्म जुन्या आंबेगावचा. आमच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन तिथे किराणा आणि कापडाचं दुकान टाकलं होतं. पुढे घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आमचं घर जुन्नरला आलं. भुआ आधीच लग्न होऊन जुन्नरला आली होती. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला, आणि माझी आई सतत आजारी, त्यामुळे मला वाढवलं ते भुआनेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बुडालेल्या गावाची जोती आणि देवळाचे दगड उघडे पडतात. आमच्या दुकानाची दगडी पायरीही वर येते. त्या पायरीवर एकदा बसायचं, आणि बसायचं ते हौसाबाईबरोबर, एवढीच भुआची इच्छा होती. हौसाबाई तिची त्याच गावातली बालमैत्रीण, आता शिनोलीत मुलाजवळ राहते. शेतात राबलेला देह, अजूनही दर मे महिन्यात गाळातून चालत जाऊन येते. भुआचं मात्र खुब्याचं हाड मोडलेलं, काठी घेऊन दहा पावलं म्हणजे डोक्यावरून पाणी. ट्रॅक्टरचे हिसके तिला सोसणारे नव्हते.

गेल्या वर्षी मी तिला घेऊन गेलो होतो, गाडीला तेव्हा हायवे टायर होते. काठापासून पायरी जेमतेम अर्धा किलोमीटर. गाळ वरून वाळून तडकलेला, पाहिलं तर वाटावं क्रिकेट खेळावं. हौसाबाई आधीच चालत पुढे जाऊन पायरीवर बसली होती. लांबून तिची हिरवी साडी तेवढी दिसत होती. मी गाडी आत घातली आणि वीस पावलांवर वरची खपली फुटून पुढची चाकं लोण्यात गेली. हौसाबाईच्या मुलाने, दत्ताने, ट्रॅक्टर आणून मागे ओढून काढली. घाम पुसत तो म्हणाला, "शेठ, गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. मी खाट आनतो. चार जनं उचलून न्हेतो भुआला, धा मिनटाचं काम हाय. वरच्या वाडीतली आजारी मानसं आमी अशीच खाली आनतो."

मी नको म्हणालो. जिवंत माणसाला चौघांच्या खांद्यावरून न्यायचं, तेही माझ्या भुआला, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. आणि खरं सांगायचं तर काठावर जमलेल्या लोकांपुढे आपली फसलेली गाडी सोडून खाटेमागे चालत जायचं, यात माझा शेठपणा आडवा आला. "पुढच्या वर्षी नीट टायर घालून येतो," मी म्हणालो. "भुआ थेट पायरीला गाडीतून उतरेल."

भुआने खिडकीतून पायरीकडे बघितलं. हौसाबाई पदर हलवत होती. भुआनेही हात हलवला. "चालेल," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी येऊ."

मग मी टायरच्या मागे लागलो. असा लागलो की घरात माझी चेष्टा सुरू झाली. त्याच आठवड्यापासून दसऱ्यापर्यंत मी दुकानं पालथी घातली, व्हिडिओ पाहिले, ठोकळ्यांची खोली मोजली, अनोळखी लोकांशी वाद घातले. बेल्ह्याच्या बैलबाजारात जनावरं आणणाऱ्या एका टेम्पोवाल्याला मी त्याच्या टायरबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "राव, टायर काय बघताय. गाळात जायचं तं तिथला मानूस बरूबर घ्या, त्यो सांगंल तसं करा." मी ते हसण्यावारी नेलं. दर रविवारी जुन्नरला जाऊन मी भुआला मोबाइलवर टायरचे फोटो दाखवायचो. ती चष्मा लावून एकेक बघायची आणि विचारायची, "ह्याच्यात आणि मागच्यात फरक काय?" मी अर्धा तास सांगायचो. दसऱ्याला टायर बसवून गाडी तिच्या दारात नेली. तिने खुर्चीवर बसून चारही चाकांना हळदीकुंकू लावलं आणि एका ठोकळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "केवढाले रे हे." महिन्याभरात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. शेवटी चौघांच्या खांद्यावरूनच नेली, त्यातला एक खांदा माझा होता.

तर यंदा, पहिला मुक्काम जुन्नर. बाहेरगावच्यांना तिथे लॉज मिळतात, मी चुलतभावाकडे राहिलो. दुपारी डिंगोऱ्याला एका शाळासोबत्याच्या शेतात जाऊन सराव केला. त्याने उसाला पाणी सोडलं होतं, पाट फुटून रस्त्याचा राडा झाला होता. तिथे कळलं की टायर कितीही चांगला असला तरी हवा कमी केल्याशिवाय उपयोग नाही. हवेचा दाब बत्तीसवरून अठरावर आणला तेव्हा टायर पसरला आणि गाडी तरंगल्यासारखी निघाली. डांबरावर परत येण्याआधी हवा भरायला छोटा पंप जवळ ठेवा, नाहीतर टायर फाटेल. मित्राने गाडीचं तोंडभरून कौतुक केलं. मला पुढच्याच क्षणी वाटलं की हे भुआला फोन करून सांगावं, आणि मग आठवलं.

दुसऱ्या दिवशी जुन्नरहून डोंगरातल्या रस्त्याने घोडेगाव. रस्ता अरुंद पण चांगला, वळणावर हॉर्न द्या. घोडेगावला स्टँडजवळ मिसळ खाल्ली आणि भीमाशंकरच्या रस्त्याने शिनोलीला पोचलो. हौसाबाई ओट्यावर तयार बसली होती. नवी चोळी, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. तिने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकाकडे बघितलं आणि विचारलं, "ह्येच का ते टायर?"

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर बसली. दत्ता मागे बसला. भुआची जागा रिकामी राहिली नाही याचं मला बरंही वाटलं आणि वाईटही.

काठावर उतरून दत्ताने काठी खुपसत गाळ पाहिला, मी हवा अठरावर आणली. "दुसऱ्या गेरमधी टाका अन एका चालीनं घ्या," तो म्हणाला. "मधी थांबू नका, चाक फिरवू नका. मी म्होरं चालतो, माझ्या मागनं या." ज्यांना असा प्रवास करायचाय त्यांनी हे चार शब्द लिहून ठेवावेत, बाकी सगळं त्यांच्यातच आलं. गाडी डुलत निघाली. ठोकळ्यांनी गाळ धरला, चरांतून चिखल फटाफट पत्र्यावर आदळला, आणि आम्ही पायरीजवळ जाऊन थांबलो. वर्षभर ज्याची तयारी केली ते चालत्या माणसाच्या वेगाने, दहा मिनिटांत झालं. मी इंजिन बंद केलं.

हौसाबाई उतरली, पदराने पायरी झाडली आणि बसली. जरा वेळाने शेजारी थाप मारून म्हणाली, "ये बस."

मी बसलो. पायरी उन्हाने तापली होती. समोर दगडांच्या रांगा, त्यांच्यापलीकडे उरलेलं पाणी, काठाला दोन-चार बगळे. दत्ता गाडीच्या सावलीत जाऊन पाय पसरून पडला. मी विचारलं, "तुम्ही दोघी इथे येऊन काय करणार होतात?"

"काय करायचं? बसलो असतो."

तिने फडकं सोडून भाकरीचा तुकडा मला दिला. मग स्वतःहूनच बोलायला लागली. "दर सोमवारी फोन यायचा तिचा. गेल्या साली तुमी माघारी गेलात ना, त्याच्या पुढल्याच सोमवारी मी तिला म्हनलं, सुंदर, त्याला सांग परत चल म्हनावं. पाऊस यायला अजून पंधरा दिस हायेत, खाट हाय, मानसं हायेत. तं न्हाई म्हनली. म्हनली, पोरगं टायर बघतंय माझ्यासाठी, लई खुशीत हाय. आता खाटेवर न्हे म्हनलं तं त्याला वाईट वाटंल."

मी भाकरीचा तुकडा फडक्यावर परत ठेवला. हौसाबाईने पाण्याची बाटली पुढे केली. "फोनवर समदं सांगायची मला," ती म्हणाली. "आज ह्या टायरचा फोटू दावला, आज त्या. मला काय कळतंय त्यातलं, म्हनायची, पर मी इचारते त्याला, फरक काय म्हनून. लई येळ बोलतो मंग."

मी रडलो. लपवण्यासारखं काही नव्हतं आणि कुणापासून लपवायचं हेही कळत नव्हतं. हौसाबाईने अडवलं नाही, समजूतही काढली नाही. ती पाण्याकडे बघत भाकरी खात राहिली. ऊन चढल्यावर दत्ताने हाक मारली. आम्ही आलो त्याच चाकोरीतून परत निघालो. शिनोलीत तिला सोडताना मी पाया पडलो, तर ती म्हणाली, "पुढल्या साली ये. मी हाय तवर मी बी येते."

पुण्याला परत येऊन दोन आठवडे झाले. दोन दिवसांचं डिझेल साडेतीन हजारांच्या घरात गेलं, जेवणखाण वेगळं. गाडी धुतली, हवा भरली, रोज कामावर नेतो, सिग्नलला शेजारचे वळून बघतात. फोटो टाकल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय की जुन्या आंबेगावच्या गाळासाठी मड टायर घ्यावेत की ऑल-टेरेन. सरळ उत्तर देतो. गेल्या वर्षीच्या गाळात ऑल-टेरेनही दत्ताच्या मागून, हवा कमी करून गेले असते. आणि म्हातारं माणूस न्यायचं असेल तर टायर बघत बसू नका, तिथल्या माणसांना विचारा आणि ते म्हणतील तसं त्याच दिवशी न्या. माझी अडचण टायरची नव्हतीच. भुआ तयार होती, चार माणसं तयार होती, हौसाबाई पायरीवर जाऊन बसली होती. त्या काठावर नको म्हणणारा मी एकटाच होतो.